माकडतापाचा धडा

काजूचा हंगाम आला की सत्तरीत माकडतापाची धास्तीही येते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू हुडकून काढला व तो गोचिडीमार्फत पसरतो हे दाखवून दिले. ते केंद्र १९५२ सालीच स्थापन झाले होते. संकटापूर्वी संस्था उभी होती, म्हणूनच उत्तर लवकर सापडले.

२०१५ मध्ये हा ताप सत्तरीत उद्भवला, पुढल्या वर्षी सिंधुदुर्गात. गोचिडीला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. शासनांना मात्र त्या ओलांडवत नाहीत. जुनी लस अपुरी ठरली. साथ ओसरली की फाइल मिटते, ही आपली रीत.

आमचे म्हणणे इतकेच: रुग्णाची खाट आणि संशोधकाची प्रयोगशाळा एकाच आवारात असलेली संसर्गजन्य रोगांची संस्था तिन्ही राज्यांनी मिळून या सह्याद्रीपट्ट्यात उभारावी. काजू वेचणाऱ्या बाईला रानात जाणे टाळता येत नाही, कारण तिची चूल त्यावर पेटते. शासनाने खर्चाचा हिशेब जरूर मांडावा. पण त्यात तिच्या जिवाचे मोल धरल्यावाचून बेरीज करू नये.