पुणे बिघडते, कोल्हापूर तरते

लिनक्स कर्नलमध्ये रस्ट भाषेत लिहिलेल्या भागातला पहिला दोष डिसेंबर २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-६८२६० या अधिकृत क्रमांकाने नोंदला गेला, आणि अपेक्षेप्रमाणे दोन्ही छावण्यांत फटाके फुटले. सी भाषेच्या अभिमान्यांना सुरक्षित म्हणवणारी भाषाही अखेर कोसळली याचा आनंद झाला, तर रस्टच्या अभिमान्यांनी हा दोष ‘अनसेफ’ विभागात होता, सबब तो भाषेचा नव्हेच, असा खुलासा घाईघाईने पुढे केला. अनसेफ विभाग म्हणजे कंपायलरने आपली तपासणी थांबवून प्रोग्रामरच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असे कोडमध्ये लिहून दिलेले ठिकाण. तिथे दोष सापडणे हा भाषेचा पराभव नाही हे खरे. पण कर्नलसारख्या जुन्या वाड्यात राहायला आलेल्या नव्या भाषेला असे शब्द पावलोपावली द्यावे लागतात, ही गोष्ट त्या खुलाशातून सोयीस्करपणे गळते. धोका या भाषेत की त्या भाषेत, हा प्रश्नच चुकीचा असून तो दोन्हींमधल्या बांधावर असतो, असे या स्तंभात अनेकदा मांडले गेले आहे, आणि या दोषाने त्याला पुन्हा पुष्टीच दिली आहे.

हा बांध दिसतो तितका साधा नाही. रस्ट आणि सी प्लस प्लस या दोन्ही भाषांकडे मालकी, आयुर्मान आणि प्रकार यांविषयी बोलण्यासाठी भरपूर शब्दसंपत्ती आहे. मात्र त्या एकमेकींशी बोलू लागल्या की मध्ये दुभाषा म्हणून उभी राहते ती डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली सी. सी च्या जोडणी-संकेताला, ज्याला एबीआय म्हणतात, कळतात त्या संख्या, पत्ते आणि त्यांचे गठ्ठे. एखादे फंक्शन अक्षरांचा पत्ता परत देते तेव्हा मजकूर किती लांब आहे, तो किती वेळ वैध राहील आणि वापरून झाल्यावर ती जागा मोकळी कोणी करायची, यांपैकी एकही गोष्ट त्या पत्त्यावर लिहिलेली नसते. दोन शास्त्री पन्नास शब्द येणाऱ्या हरकाऱ्यामार्फत वाद घालत असावेत, तशी ही अवस्था आहे.

याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे वस्तूचे स्थलांतर, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. रस्टमध्ये एखादी वस्तू एका चलातून दुसऱ्यात गेली की तिचे बाइट्स जसेच्या तसे नव्या जागी उतरवले जातात आणि जुन्या जागेला कंपायलर कुलूप ठोकतो. वस्तूला स्वतःला या बदलाची खबरही नसते. सी प्लस प्लसमध्ये याच्या नेमके उलट घडते. तिथे वस्तूला आपण हलत असल्याचे कळवले जाते आणि सामान कसे आवरायचे हे प्रत्येक प्रकार आपल्यापुरते लिहिलेल्या फंक्शनने ठरवतो. दोन्ही पद्धती आपापल्या घरात सुसंगत आहेत. मात्र सी प्लस प्लसची वस्तू रस्टच्या पद्धतीने हलवली तर काय होते, हे पाहण्यासाठी अक्षरांची साधी स्ट्रिंग पुरेशी आहे.

जीसीसी या कंपायलरसोबत येणाऱ्या प्रमाण लायब्ररीत चौसष्ट बिटांच्या संगणकावर सी प्लस प्लसची एक स्ट्रिंग ३२ बाइट्सची असते: ८ बाइट्स मजकुराच्या पत्त्याचे, ८ लांबीचे आणि उरलेले १६ एका छोट्या कप्प्याचे. मजकूर १५ बाइट्सपर्यंत असेल तर तो याच कप्प्यात बसतो आणि पत्ता स्ट्रिंगच्याच पोटाकडे बोट दाखवतो; मजकूर त्याहून लांब असेल तर तो बाहेर, हीप नावाच्या सामायिक मेमरीत ठेवला जातो. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा आणि अनुस्वारासकट, ३ बाइट्स घेते. म्हणजे ‘पुणे’ हा शब्द १२ बाइट्सचा होऊन कप्प्यात राहतो, ‘मुंबई’ बरोबर १५ बाइट्स घेऊन काठोकाठ बसतो आणि ‘कोल्हापूर’ २७ बाइट्सचा होऊन बाहेर जातो. आता या स्ट्रिंगला ३२ बाइट्सचा निर्जीव गठ्ठा समजून रस्टने ती उचलून दुसरीकडे ठेवली, तर कोल्हापूरला काहीही होत नाही, कारण त्याचा मजकूर हीपमध्ये जिथे होता तिथेच असतो. पुण्याचा पत्ता मात्र अजून जुन्या घराकडेच बोट दाखवत राहतो. ते घर दुसऱ्या भाडेकरूला दिले जाईपर्यंत ‘पुणे’ नीट वाचताही येते, त्यामुळे दोष तत्काळ दिसत नाही. आणि स्ट्रिंग नष्ट करण्याची वेळ येते तेव्हा लायब्ररी पत्ता आणि कप्पा जुळत नाहीत असे पाहून मजकूर हीपमध्ये असल्याचा समज करून घेते आणि कधीही हीपची नसलेली जागा मोकळी करायला जाते.

क्लँग कंपायलरसोबतच्या लायब्ररीत स्ट्रिंगची रचना वेगळी असून ती स्वतःकडे बोट दाखवत नाही, त्यामुळे तिथे पुणेही तरते. म्हणजे तोच कोड एका यंत्रावर निर्धोक, दुसऱ्यावर घातक, आणि दुसऱ्यावरही गावाच्या नावाच्या लांबीनुसार. ज्या प्रोग्रामरने चाचणीसाठी नागपूर, सातारा आणि कोल्हापूर ही नावे वापरली असतील, त्याच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण होतील. पुणेकरांना यात नवल वाटणार नाही. नियम आपल्यासाठी वेगळे असतात, ही त्यांची समजूत जुनीच आहे.

यावर डेव्हिड टोलने यांच्या ‘सीएक्सएक्स’ या साधनाने काढलेला तोडगा त्यातल्या नकारामुळे लक्षणीय ठरतो: सी प्लस प्लसची स्ट्रिंग रस्टच्या हाती मूल्य म्हणून द्यायचीच नाही. ती जिथे जन्मली तिथेच राहते आणि रस्टला तिचा उसना संदर्भ, नाही तर तिचा एकमेव मालक असलेला पॉइंटर, एवढेच मिळते. याच कामासाठीच्या गूगलच्या ‘क्रूबिट’ या साधनाचा आवाका याहून मोठा आहे. त्याच कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये रस्ट फाउंडेशनला या दोन भाषांच्या जोडणीसाठी १० लाख डॉलर दिले; बांधाची डागडुजी फुकट होत नसते, हे एका तरी धनकोला उमगले म्हणायचे. रस्टच्या २०२४ च्या आवृत्तीने तर परभाषेतली फंक्शने जिथे जाहीर केली जातात त्या विभागालाच ‘अनसेफ’ हा शब्द लावणे सक्तीचे केले, आणि ते योग्यच झाले, कारण त्या जाहीरनाम्यातली एक चूकही पुढचे सर्व हिशेब खोटे पाडू शकते.

तांत्रिक बाजू अशी मार्गी लागत असताना माणसांची बाजू मात्र शेतकरी भाऊबंदांच्या वळणावर गेली. कर्नलने डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत रस्टला प्रवेश दिला, पण जानेवारी २०२५ मध्ये डीएमए, म्हणजे प्रत्येक बाइटमागे प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरणाने थेट मेमरीशी व्यवहार करण्याची यंत्रणा, रस्टमधून वापरता यावी यासाठीचा कोड पुढे आला तेव्हा त्या विभागाचे देखभालकर्ते क्रिस्टोफ हेलविग यांनी दोन भाषांच्या कोडबेसलाच कडाडून विरोध केला. वास्तविक तो कोड त्यांच्या रानात नव्हता, बांधापलीकडे होता. आपल्या कोडवर देखभालकर्त्याचा अधिकार चालतो, पण तो बाहेरून कोणी वापरावा यावर चालत नाही, असा निवाडा कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना फेब्रुवारीत द्यावा लागला. डिसेंबर २०२५ मध्ये रस्टवरचा प्रायोगिक हा शिक्काही काढण्याचे ठरले.

अँड्रॉइडने हा तंटा होऊच दिला नाही. तिथे जुने पाडून नवे बांधण्याचा हट्ट न धरता फक्त नवा कोड सुरक्षित भाषांत लिहिण्याचे धोरण ठेवले गेले, आणि मेमरीच्या गैरवापरातून उद्भवणाऱ्या दोषांचे एकूण सुरक्षा-दोषांतले प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. असे दोष प्रामुख्याने ताज्या कोडमध्ये असतात आणि जुना कोड वापरात राहून मुरतो, हे त्यामागचे कारण. सर्व काही रस्टमध्ये पुन्हा लिहा, असा घोष करणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावून घ्यावेत, कारण ते त्यांच्या बाजूने असूनही त्यांच्या विरोधात जातात: इतकी घट झाली ती लाखो ओळी जुन्या भाषेत तशाच ठेवून, म्हणजेच बांध जपून.

आपल्याकडे मात्र बांधाचा प्रश्न येण्याआधी शेतच १९८८ मध्ये अडकलेले आहे. त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या वाटांनी संगणकांत शिरकाव केला, त्यांतली एक होती सी मधले ‘गेट्स’ हे फंक्शन. हे फंक्शन जागा किती आहे हे न विचारता येईल तेवढा मजकूर आत घेते, आणि ते वापरणाऱ्या, वर्मच्या तावडीत सापडलेल्या प्रोग्रामने ५१२ बाइट्सचीच सोय केलेली होती. सी च्या २०११ च्या प्रमाणातून ते काढूनही टाकले गेले. अभियांत्रिकीच्या कित्येक प्रात्यक्षिक वह्यांत ते अजून सुखाने नांदते, टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर, आणि बाह्य परीक्षक त्यावर पूर्ण गुण देतात. या विषयावर या स्तंभाने किती शाई खर्च केली याचा हिशेब वाचकांनी ठेवलाच असेल.

राहता राहिला तो सुरुवातीला सांगितलेला कर्नलमधला दोष. तो ‘बाइंडर’मध्ये, म्हणजे अँड्रॉइडमधल्या प्रक्रियांना एकमेकींशी बोलू देणाऱ्या ड्रायव्हरच्या रस्ट आवृत्तीत होता, आणि त्या अनसेफ ओळीच्या डोक्यावर सुरक्षिततेचे प्रतिज्ञापत्रही रीतसर लिहिलेले होते: हा घटक आपल्या मालकाच्या यादीत तरी असतो, नाही तर कोणत्याच यादीत नसतो. त्याच ड्रायव्हरमधले दुसरे एक फंक्शन मात्र लॉक घेऊन सगळे घटक तात्पुरत्या तिसऱ्या यादीत हलवत होते आणि लॉक सोडून मग ती यादी चाळत होते; तेवढ्या अवधीत दुसऱ्या थ्रेडने मूळ यादीतून घटक काढायला घेतला की दोघांचे हात एकाच वेळी त्याच पॉइंटरांवर पडत आणि कर्नल कोसळे. कंपायलरला ते प्रतिज्ञापत्र वाचता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती नुसती टीप असते. दुरुस्ती झाली ती त्या अनसेफ ओळीत नव्हे, तर त्या दुसऱ्या फंक्शनात, जे आता घटक मूळ यादीतूनच एकेक करून काढते.