घरचा संगणक : वाहून जाणारा आवाज



अशोक विजयादशमी आणि सहा डिसेंबर जवळ आले की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. दीक्षाभूमीवरची वंदना, चैत्यभूमीवरचा कार्यक्रम, एखाद्या विहारातली धम्मदेसना किंवा जयंतीच्या रात्रीचा कव्वालीचा सामना आता इंटरनेटवरून घरबसल्या थेट ऐकता येतो. मग हा आवाज आपल्या घरच्या संगणकात साठवून ठेवता येईल काय? येईल. त्याला पैसेही लागत नाहीत. लागते ती अर्ध्या तासाची पूर्वतयारी, आणि तीच आपण करीत नाही.

पुष्कळांना वाटते, थेट कार्यक्रम म्हणजे तो कुठेतरी जमा होतच असणार, नंतर सवडीने ऐकू. हा समज आधी काढून टाकावा. थेट प्रक्षेपणात आवाज लहान लहान तुकड्यांनी येतो. संगणक दोन-चार तुकडे पुढचे घेऊन ठेवतो, वाजवतो आणि वाजले की टाकून देतो. नळाखाली घागर न लावता पाणी सोडल्यासारखेच ते आहे. प्रक्षेपण करणाऱ्याने प्रत ठेवली तर ठेवली. कित्येकदा कार्यकर्ते उत्साहाने थेट दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी तो भाग तिथे नसतो. कधी पार्श्वभूमीला वाजलेल्या एखाद्या गाण्यावर कंपनीने हक्क सांगितलेला असतो, कधी खातेच बंद पडलेले असते, तर कधी ज्याच्या मोबाइलवरून दाखवले त्यानेच जागा मोकळी करण्यासाठी पुसून टाकलेले असते.

यात आपले काय जाते, असे एखादा म्हणेल. बाबासाहेबांनी गावोगावच्या सभांतून किती भाषणे केली! ती आज आपण छापील वाचतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ या खंडांचे उपकार त्यासाठी मानावे तेवढे थोडे. पण आवाज? बीबीसीने १९५५ साली घेतलेल्या मुलाखतीचा आवाज उरला, म्हणून आजची पोरे बाबासाहेब कसे बोलत, कुठे थांबत, कुठे शब्दावर जोर देत हे कानांनी ऐकू शकतात. त्या काळी आवाज टिपणारे यंत्र घरात असणे शक्यच नव्हते. भीमराव कर्डकांच्या काळातल्या आंबेडकरी जलशांची पदे कागदावर आली, पण कागदावर ठेका येत नाही. आज निदान ज्यांच्या घरी मुलांच्या अभ्यासासाठी संगणक आहे, त्यांना तरी ही सबब सांगता येणार नाही. लोकशाहीर विठ्ठल उमप यांचे २०१० साली नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच निधन झाले. कोणता कार्यक्रम कुणाचा शेवटचा ठरेल हे आधी कुणाला ठाऊक असते?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे संगणकाच्या स्पीकरसमोर मोबाइल धरायचा आणि रेकॉर्डचे बटण दाबायचे. असे करू नका. त्यात पंख्याची घरघर येते, कुकरच्या शिट्ट्या येतात, ‘अगं दार उघड’ हेही येते. भन्तेजींचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा येतो. संगणकात जो आवाज वाजतो आहे तो हवेत न सोडता आतल्या आत टिपता येतो, आणि खरे ध्वनिमुद्रण ते.

त्यासाठी ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर घ्यावे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचे काम सुरू झाले. ते मोफत आहे. मात्र त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. ‘फुकट रेकॉर्डर’ म्हणून मोठमोठी हिरवी बटणे दाखवणाऱ्या भलत्याच जागा पुष्कळ आहेत, तिथे हात लावू नये. घरात दहावी-बारावीची मुले असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या. एकदा समोर बसून बघितले की आईलाही येते.

विंडोज असलेल्या संगणकावर ऑडॅसिटी उघडली की वरच्या पट्टीत ‘ऑडिओ सेटअप’ असे बटण दिसेल. त्यात ‘होस्ट’ या सदराखाली ‘विंडोज वासापी’ निवडा. मग ‘रेकॉर्डिंग डिव्हाइस’मध्ये आपल्या स्पीकरचे किंवा हेडफोनचे नाव आणि त्यापुढे ‘लूपबॅक’ असा शब्द असेल, ते निवडा. सगळी किल्ली या एका शब्दात आहे. लूपबॅक म्हणजे स्पीकरकडे निघालेला आवाज परत फिरवून आत घेणे. तिथे मायक्रोफोन निवडलेला राहिला तर पुन्हा कुकरची शिट्टी आलीच म्हणून समजा. आता ब्राउझरमध्ये थेट कार्यक्रम सुरू करा आणि ऑडॅसिटीतले लाल गोल बटण दाबा. पडद्यावर आवाजाच्या लाटा उमटू लागल्या की काम जमले. सपाट रेघ दिसली तर काही येत नाही असे समजावे आणि वरची निवड पुन्हा तपासावी. ॲपलच्या संगणकावर ब्लॅकहोलसारखे आणखी एक छोटे मोफत सॉफ्टवेअर जोडावे लागते. आपल्या वाचकांत असे संगणक थोडे, म्हणून त्याचा विस्तार इथे करीत नाही.

रेडिओ केंद्राचा थेट पत्ता मिळत असेल तर याहून सोपा मार्ग व्हीएलसी या प्लेअरचा आहे. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेला हा प्रकल्प, आणि हाही मोफत. त्यात ‘मीडिया’ या यादीतून ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ उघडून पत्ता टाकायचा. ‘व्ह्यू’मधून ‘ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स’ सुरू केले की लाल बटण दिसते. हा मार्ग चांगला अशासाठी, की येणारा प्रवाह जसाच्या तसा साठतो, दुसऱ्यांदा दाबला जात नाही. शिवाय मधेच संगणकावर कुणाचा निरोप येऊन ‘टिंग’ वाजले तरी ते मुद्रणात शिरत नाही. ऑडॅसिटीच्या मार्गाने मात्र ते ‘टिंग’ थेट त्रिशरणाच्या मध्ये जाऊन बसते. म्हणून त्या वेळेपुरत्या बाकीच्या खिडक्या आणि सूचनांचे आवाज बंद करून टाकावेत.

जागा किती लागेल, हा पुढचा प्रश्न. सीडीच्या प्रतीचा आवाज तासाला सुमारे ६३५ एमबी जागा खातो. ऑडॅसिटी काम चालू असताना साधारण त्याच्या दुप्पट घेते, म्हणजे चार तासांच्या कार्यक्रमाला पाच जीबीच्या वर. तेवढी जागा आधी मोकळी करा. नंतर १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत रूपांतर केले की तोच एक तास ५८ एमबीत मावतो, आणि भाषणाला तेवढे पुरते. गाणे, ढोलकी, कोरस असेल तर फ्लॅक नावाच्या प्रकारात एक प्रत ठेवावी. त्यात आवाजाचा कण गळत नाही आणि जागाही सीडीपेक्षा कमी लागते. एक ध्यानात ठेवा. मूळ प्रक्षेपणच फाटक्या आवाजाचे असेल तर मोठ्या फाइलीत भरून तो सुधारत नाही.

कार्यक्रम संपला की पुष्कळजण ‘सेव्ह’ करतात, ती फाइल नातेवाइकांना पाठवतात आणि मग कुणाकडेच ती वाजत नाही. ‘सेव्ह’ने ऑडॅसिटीची स्वतःची फाइल बनते, ती दुसरीकडे चालत नाही. वाजणारी फाइल हवी तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. आणि मुद्रणाआधी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन संगणक झोपी जाण्याची वेळ ‘कधीच नाही’ अशी करावी. नाहीतर आपण जेवायला उठतो, संगणकही विश्रांती घेतो आणि मुख्य वक्ते नेमके तेव्हाच उभे राहतात. ऑडॅसिटीत वेळ लावून ठेवण्याची सोय आहे, पण आपल्या कार्यक्रमांच्या वेळा पाहता तिचा भरवसा मी देणार नाही! सातचा कार्यक्रम नऊला सुरू होतो. शेवटची वेळ दोन-तीन तास पुढचीच लावावी.

आता जे संगणकाने होत नाही ते. फाइलीला ‘न्यू रेकॉर्डिंग ३’ असे नाव देऊन ठेवले तर पाच वर्षांनी ते कुणाचे, कुठले, कधीचे हे घरात कुणालाही सांगता येणार नाही. तारीख, गाव, विहार, गायक, कवी, साथीदार, सगळे त्याच रात्री लिहून काढा. कवीचे नाव तर आवर्जून. आपल्या गाण्यांत कवीच आधी हरवतो. वामनदादा कर्डकांनी शेवटच्या अंतऱ्यात आपले नाव गुंफून ठेवले ते उगीच नव्हे. गाणे तोंडोतोंडी फिरणार आणि लिहिणारा मागे राहणार, हे त्यांना पक्के ठाऊक असावे. आज मोबाइलवर फिरणारा अर्ध्या मिनिटाचा तुकडा बहुधा ध्रुवपदापाशीच संपतो आणि शेवटच्या अंतऱ्यातले ते नाव कापले जाते. म्हणून माझा आग्रह आहे की मुद्रण अखंड करा, निवेदकाच्या पहिल्या वाक्यापासून. निवेदन कंटाळवाणे असते हे मान्य, पण नावे त्यातच असतात.

असे मुद्रण कायद्याला धरून आहे काय, असेही एका भगिनीने विचारले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी प्रक्षेपणाचे मुद्रण करायला मोकळीक आहे. घरी ऐका, मुलांना ऐकवा. मात्र तेच स्वतःच्या चॅनलवर चढवून त्यावर पैसे मिळवणे ही वेगळी गोष्ट झाली. सादरीकरणावर कलाकाराचा हक्क ५० वर्षे राहतो, आणि सादरकर्ता म्हणून आपले नाव घेतले जावे हा हक्कही २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आला आहे. काही संकेतस्थळांच्या स्वतःच्या अटीही असतात, त्या वाचून घ्याव्यात. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या गायिकेने रात्रभर घसा फोडून आपल्या वस्तीत गायले आणि पाकिटात गाडीभाड्यापुरते पैसे घेऊन ती गेली, तिच्या आवाजावर दुसऱ्याने कमाई करावी, हे आपल्या चळवळीत तरी शोभत नाही. तिला फोन करून विचारा. ‘आमच्याकडे तुमची चांगली प्रत आहे, हवी का?’ हेही विचारा. कित्येक कलावंतांकडे स्वतःच्याच गाण्याची धड प्रत नसते.

आणि आपणच विहार समितीत असू, कार्यक्रम आपलाच असेल, तर इंटरनेटवरून फिरून आलेला आवाज पकडत बसण्यात अर्थ नाही. ध्वनिवर्धकवाल्याला सांगून मिक्सरमधून एक वायर घ्यावी आणि मूळ आवाजच मुद्रित करावा. जो मुलगा थेट प्रक्षेपण सांभाळतो त्याला विचारा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रक्षेपण करता करता त्याच यंत्रात प्रतही साठवता येते, फक्त एक बटण जास्त दाबावे लागते. नेट मधेच तुटले तरी ती प्रत शाबूत राहते. मंडपाच्या खर्चात एका पेनड्राइव्हचा खर्च धरायला कुणाची हरकत नसावी.

प्रत एकाच जागी ठेवू नये. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि जमल्यास एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पाचशे भिक्खू जमले, आनंदाने धम्म सांगितला, उपालीने विनय सांगितला, आणि पुढे शतकानुशतके तो अनेक कंठांत राहिला म्हणून टिकला. एकाच कंठात राहिला असता तर आपल्यापर्यंत कसा पोचता?

येत्या रविवारी आकाशवाणीच्या इंटरनेटवर ऐकू येणाऱ्या एखाद्या केंद्राचा दहा मिनिटांचा आवाज टिपून पाहा. चुकले तर हरकत नाही, बातम्या पुन्हा लागतात. ज्यांच्या घरी माळ्यावर भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी पडून आहेत, त्यांनी त्या उन्हात न ठेवता कोरड्या जागी, उभ्या लावून ठेवाव्यात. त्या संगणकात कशा घ्यायच्या, ते पुढील अंकी.