चूक की चाल?

(द्वितीय वर्ष, कला)

व्हिडिओ गेम म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, पैसा जातो, ही तक्रार जुनीच आहे. आणि ती सर्वस्वी खोटी आहे, असे मीही म्हणणार नाही. परंतु या खेळांच्या जगात गेली कित्येक वर्षे एक वाद चालू आहे आणि तो वाद मात्र पोरकट नाही. खेळता खेळता एखादी अशी गोष्ट सापडते की जी निर्मात्याने मुद्दाम ठेवलेली नसते. प्रोग्रॅममधल्या एखाद्या फटीतून ती आपोआप बाहेर आलेली असते. एक पक्ष म्हणतो, हा ‘बग’ आहे, म्हणजे दोष आहे, दुरुस्त करा. दुसरा म्हणतो, हे ‘फीचर’ आहे, म्हणजे खेळाचा गुण आहे. त्याला हात लावू नका. वरवर पाहता हा पोरांचा तंटा. पण जरा खोलात शिरले की प्रश्न उभा राहतो तो असा : नियम कुणाचा? लिहिणाऱ्याचा की खेळणाऱ्याचा? हा प्रश्न राज्यशास्त्राच्या तासालाही परका वाटू नये.

प्रथम दोन उदाहरणे पाहू. १९७८ साली जपानमधील तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा खेळ तयार केला. परग्रहवासीयांच्या रांगा पडद्यावरून खाली खाली सरकत येतात आणि खेळणाऱ्याने त्यांना टिपायचे असते. त्या काळच्या यंत्राची शक्ती बेताची. इतकी सारी चित्रे हलवताना ते धापा टाकी. शत्रू जसजसे कमी होत तसतसा यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने धावू लागत. अशी योजना कुणी केलेली नव्हती. निशिकादोंच्या ते ध्यानात आले, खेळाला रंगत येते असे दिसले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. शेवटचा एकटा उरलेला शत्रू सर्वांत चपळ, हा पुढे त्या खेळाचा प्राण ठरला.

दुसरे उदाहरण १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ या कॅपकॉम कंपनीच्या खेळाचे. त्यात मोटार फोडण्याचा एक जादा डाव आहे. तो तपासताना नोरिताका फुनामिझु यांना आढळले की, अचूक वेळ साधली तर एका फटक्याला जोडून लगेच दुसरा फटका मारता येतो आणि मधल्या वेळात समोरच्याला काहीच करता येत नाही. ती वेळ साधणे इतके अवघड होते की याचा फारसा उपयोग कुणाला होईल, असे त्यांना वाटले नाही. म्हणून ते तसेच राहिले. खेळाडूंनी मात्र ती वेळ साधून दाखवली! पुढे १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू’मध्ये अशा जोडफटक्यांची मोजदाद खुद्द पडद्यावर होऊ लागली. आज मारामारीच्या खेळांतून ‘कॉम्बो’ वजा केला तर मागे काय उरेल?

यावर पहिला पक्ष म्हणेल, “दोन्ही ठिकाणी निर्मात्याने मान्यता दिली, म्हणूनच दोषाचा गुण झाला. निर्मात्याची इच्छा हीच खरी कसोटी.” कसोटी सोपी आहे, पण ती सर्वत्र लागू पडत नाही. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीच्या ‘क्वेक थ्री’ (१९९९) या खेळात धावण्याच्या वेगाला मर्यादा घातलेली होती. परंतु तिरपे सरकत, ठरावीक कोनात नजर वळवत उड्या मारत गेले की ती मर्यादा ओलांडता येई. प्रोग्रॅम लिहिणारे जॉन कारमॅक यांच्या मते हा दोषच होता. त्यांनी तो काढूनही पाहिला. पण तो काढताच साधे चालणे-धावणेही अवघडल्यासारखे वाटू लागले. तण उपटायला जावे आणि पिकाची मुळे सैल व्हावीत, तशातली गत! शेवटी तो दोष राहिला आणि खेळाडूंनी त्यावर मेहनत घेऊन प्रावीण्य मिळवले. ज्याला खुद्द निर्माता चूक म्हणतो त्यातच खेळणाऱ्यांचे कौशल्य दिसते, अशा ठिकाणी निर्मात्याचा हेतू निवाडा करू शकत नाही.

मग खेळाडू म्हणतील तेच खरे काय? तसेही नाही. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो, कारण पातळी मोजणाऱ्या जागेत २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. ती पातळी पुरी करता येत नाही. तिचे कौतुक कितीही करा, ती चूकच.

आणि बहुमताची दुसरी गंमत तर आपल्या राष्ट्रपित्याशीच निगडित आहे. सिड मायर यांच्या १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात भारताचे नेते म्हणून गांधीजी आहेत. त्यांच्याविषयी एक कथा जगभर पसरली. त्यांच्या आक्रमकपणाचा आकडा सर्वांत कमी, म्हणजे एक. लोकशाही स्वीकारताच त्यातून दोन वजा होत. ऋण संख्या मांडता न आल्यामुळे यंत्र त्याचे २५५ करी. आणि मग अहिंसेचा पुजारी अणुबाँब टाकत सुटे! २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात मायर यांनी सांगून टाकले की, असा दोष त्या खेळात कधी नव्हताच. पण तोवर उशीर झाला होता. २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन फाइव्ह’मध्ये गांधीजींची अण्वस्त्रांची आवड गंमत म्हणून मुद्दामच वाढवून ठेवलेली होती. तेव्हा लोकांच्या आवडीने फीचर ठरू शकते हे खरे. पण लोकांच्या सांगण्याने इतिहास ठरत नाही, हेही तितकेच खरे.

माझ्या मते या वादात दोन्ही पक्ष खरा प्रश्न विचारतच नाहीत. चूक कुणी केली, ती कुणाला आवडली, यापेक्षा ती कुणाकुणाला माहीत आहे, हे महत्त्वाचे. निन्तेन्डो कंपनीसाठी तयार झालेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ (२००१) या खेळात उडी मारताच तिरपी हूल देत जमिनीवर यायचे, की खेळाडू उभ्या उभ्या घसरत जातो. याला ‘वेव्हडॅश’ म्हणतात. निर्मिती चालू असतानाच हे लक्षात आले होते, असे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी नंतर सांगितले. तरी खेळ स्वतःहून ते कुणाला शिकवत नाही. ज्याला ते येते त्याच्यापुढे न येणाऱ्याचा टिकाव लागणे कठीण. २००८ च्या पुढच्या खेळातून ते काढून टाकले, तेव्हा जुने खेळाडू रागावले आणि जुन्याच खेळाला चिकटून राहिले. त्यांचा राग मला समजतो, कारण त्यांनी वर्षानुवर्षे घाम गाळला होता. पण नवख्याचे काय? तो बिचारा दिलेले नियम प्रामाणिकपणे शिकतो, हरतो आणि आपल्यालाच अक्कल कमी, असे समजून उठून जातो.

हे मला जरा अधिक जाणवते, त्याला कारण आहे. ज्यांच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारे आम्हीच पहिले, त्यांना अशा न लिहिलेल्या चालींची ओळख पदोपदी होते. प्रॉस्पेक्टस आम्हीही वाचतो. ओळ न् ओळ वाचतो. पण शंका विचारायला प्राध्यापकांच्या खोलीत जाता येते, निकालानंतर उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मागता येते, आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवायच्या असतात, हे त्यात ठळकपणे कुठे असते? ज्यांच्या घरी शिकलेली माणसे आहेत त्यांना ते जेवताजेवता कळते. ते लबाडी करत नाहीत. नियमही कुणी मोडत नाही. तरीसुद्धा डाव बरोबरीचा होत नाही.

कुणी म्हणेल, संगणकाच्या खेळावरून एवढे तत्त्वज्ञान कशाला? तर आपल्या लाडक्या क्रिकेटकडे पाहावे. १९४७ साली सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी, चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राऊन यांना धावबाद केले. नियमात ते बसत होते. खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी पुढे आत्मचरित्रात मंकड यांची बाजू घेतली. तरीही त्या प्रकाराला मंकड यांचे नाव चिकटले आणि तेही दूषण म्हणून. २०२२ साली मेरिलीबोन क्रिकेट क्लबने तो प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’ या कलमात घातला. कृती तीच राहिली. नियमांच्या पुस्तकातली तिची जागा बदलली. जे इतकी वर्षे रीत की लबाडी अशा घोळात अडकले होते, ते नवशिक्यालाही वाचता येईल अशा ठिकाणी आले.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. यंत्रातून आपोआप निघालेली एखादी चाल खेळाला खुलवत असेल, तिला उत्तर देणे शक्य असेल, तर ती खुशाल ठेवावी. पण ठेवायची असेल तर सांगावी. तिला नाव द्यावे, ती शिकवावी. आज मारामारीच्या अनेक खेळांत सरावाचा स्वतंत्र विभाग असतो आणि तिथे जोडफटके एकेक करून शिकवले जातात. त्यामुळे जाणत्यांचे कौशल्य काही कमी झालेले नाही. चाल माहीत असणे निराळे आणि ऐनवेळी ती साधणे निराळे. दुसऱ्यासाठी मेहनत लागतेच. आणि काढून टाकायची असेल तर तेही उघडपणे, कारण देऊन काढावी, म्हणजे ज्यांनी मेहनत केली त्यांना आपली फसवणूक झाली असे वाटणार नाही.

चूक की चाल हा वाद पुढेही चालू राहील आणि राहावाही. जोवर माणसे मनापासून खेळतात तोवर ती नियमांविषयी भांडणारच. मात्र भांडायला बसताना नुकताच आत आलेला, कोपऱ्यात उभा राहून बघणारा जो खेळाडू आहे, त्यालाही जवळ बोलवावे आणि आपण कशावरून भांडतो आहोत, हे आधी त्याला समजावून सांगावे.