स्टिरॉइडची गोळी, हाडांची झीज

सीताबर्डी आणि तिला लागून असलेल्या धंतोलीत दवाखाने व औषधांच्या दुकानांची दाटी आहे. दूरवरून आलेले रुग्ण इथून महिनाभराच्या गोळ्या घेऊन परततात. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी दिलेली प्रेडनिसोलोनही त्यात असते. गोळी स्वस्त, गुण लगेच. मग पुढच्या महिन्यात जुन्याच चिठ्ठीवर पुन्हा तीच गोळी. चिठ्ठीवर औषध सुरू केल्याची तारीख असते, बंद कधी करायचे ते बरेचदा नसते. खरी गोम तिथे आहे.

हाड सतत झिजते आणि नव्याने बांधले जाते. स्टिरॉइडमुळे बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियमही कमी शोषले जाते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. ‘वर्षानुवर्षे घेतल्यावरच त्रास होतो’ हा समज म्हणूनच महागात पडतो. मणका दबला तरी अनेकदा दुखत नाही. उंची घटते, पाठ वाकते आणि घरचे ते वयावर ढकलतात.

कोविडने हे औषध घरोघरी नेले. जून 2020 मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे ऑक्सिजनवरील रुग्णांचे मृत्यू कमी झाल्याचे दिसले. मात्रा होती रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. तरी 2021 च्या लाटेत सौम्य आजारातही ते सर्रास दिले गेले. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडनंतर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हा विकार हाडे ठिसूळ होण्याहून वेगळा, पण स्टिरॉइडशी नाते तेच. पूर्व विदर्भात सिकलसेलमुळेही खुबा असाच निकामी होतो. इथल्या तरुणाच्या जांघेतील दुखण्याकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच योग्य नाही.

हे वाचून गोळी एकाएकी थांबवणे मात्र जिवावर बेतू शकते. शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते. दम्याच्या पंपातून जाणारी मात्रा फारच कमी असते, तो भीतीने सोडू नये. रोज 2.5 मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि गरजेनुसार आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटची गोळी, याविषयी पहिल्याच भेटीत विचारावे. हाड मोडल्यानंतर नव्हे.