वरून कोरडे, आतून ओले

मार्च उजाडला की शहापूर-मुरबाडकडच्या घरांत एक विषय हमखास निघतो, अंगणाचे काय करायचे? पूर्वी घरापुढे सारवलेले खळे असायचे. तिथेच भात झोडायचे, वाळवण घालायचे, संध्याकाळी बाज टाकून बसायचे. आता बऱ्याच घरांपुढे काँक्रीट आले आहे. त्यामुळे पावसात चिखल होत नाही, गाडी उभी करता येते आणि निकाहाचा मांडवही घालता येतो. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला पोहोचला की हेच अंगण तव्यासारखे तापते. दोन-चार पावसाळ्यांत त्यावर भेगा आणि शेवाळ दिसू लागते. मग कुणीतरी सुचवते, "वरून कोटिंग मारून घ्या."

सुचवणारा पुष्कळदा आखातातून परतलेला असतो. ठाणे आणि कोकणातल्या कितीतरी घरांतले कमावते हात सौदी, कुवेत, दुबईकडे गेले. तिथे घराभोवतालच्या काँक्रीटला ऊन, वाळू आणि खारे वारे यांपासून जपण्यासाठी कोटिंग करतात. हे काम तिथे शिकून आलेली मुले आता इकडे फार्महाऊसची आणि गावातल्या घरांची कामे घेतात. हा हुन्नर चांगला आहे आणि रोजी हलाल आहे. मात्र वाळवंटातली पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी उतरवली की काम बिघडते.

ऊन दोन्हीकडे आहे, पण तिथे काँक्रीटखालची जमीन बहुतेक वर्षभर कोरडी असते. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भातखाचराच्या कडेला घर असेल तर जमिनीतली ओल दिवाळीनंतरही हटत नाही. ऊन पडले की ती वाफ होऊन काँक्रीटमधून वर येऊ पाहते. वर घट्ट थर असेल तर वाफेला वाट मिळत नाही. मग थराला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. लोक म्हणतात रंग खराब निघाला. रंग चांगलाही असेल, पण त्याच्याखाली ओल राहिली होती.

ही ओल ओळखायला यंत्र लागत नाही. साधारण दीड फूट लांब-रुंद जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा काँक्रीटवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत तसाच ठेवायचा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट काळपट पडले असेल तर थांबायचे. अशी तपासणी अंगणात तीन-चार ठिकाणी करावी, विशेषतः मोरीजवळ आणि वुजूच्या नळापाशी.

नवे काँक्रीट असेल तर आणखी सबुरी हवी. साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटचे किमान 10 दिवस सतत ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. कडक, कोरड्या उन्हाळ्यात त्याहून जास्त दिवस लागतात. त्यानंतर कोटिंगसाठी साधारणपणे ओतल्यापासून 28 दिवस तरी वाट पाहतात. इथे आपल्या भागाची अडचण उभी राहते. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, पण त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. आयाबहिणी हंडा घेऊन उभ्या असताना काँक्रीटवर पाणी कुठून मारायचे? म्हणून आमचा सल्ला असा, की काँक्रीट दिवाळीच्या सुमारास, विहिरींना पाणी असताना ओतावे आणि ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावे. मग ते हिवाळाभर वाळू द्यावे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोटिंग करावे. पहिला पाऊस तोंडावर आल्यावर घाईने उरकलेले काम सहसा टिकत नाही.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी काँक्रीट तापत जाते तशी त्याच्या बारीक छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या थरात बुडबुडे उठवते. ऊन उतरू लागल्यावर, अस्रच्या सुमारास काम सुरू केले तर काँक्रीट निवत असते आणि थर आत मुरतो. भर उन्हात रंग आणि हार्डनरचे मिश्रण डब्यातच लवकर घट्ट होते. मग कामगार त्यात थिनर ओततो आणि थर पातळ पडतो. शिवाय माणसाच्या जिवाचाही विचार हवा. सौदी अरेबियात 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12 ते 3 उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. आपल्या दारात काम करणाऱ्या मुलालाही मेच्या दुपारी सावली आणि पाणी द्यायला हवे. ग्राइंडरने काँक्रीट घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते, म्हणून त्याच्या तोंडावर चांगला मास्क आणि हातात मोजे असावेत.

कोटिंग कोणते घ्यावे? घरात, गोदामात चालणारे इपॉक्सी उघड्या उन्हात पिवळे पडते आणि त्याची भुकटी सुटू लागते. बाहेरच्या जागेसाठी वरचा थर उन्हाला टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा किंवा ॲक्रिलिकचा असावा. रंग फिका निवडावा. हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांना आठवत असेल, भर दुपारीही मताफची फरशी पायांना सोसवते. तिथे ग्रीसमधल्या थासोस बेटाचा पांढरा संगमरवर आहे आणि तो ऊन परतवतो. आपल्या गच्चीवर पांढरा चुना मारण्यामागेही हेच तत्त्व आहे. ज्यांना महागडे कोटिंग परवडत नाही त्यांनी गच्चीला दर उन्हाळ्यात चुना द्यावा आणि अंगणाच्या कडेला एखादे झाड लावावे. यासाठी कर्ज काढू नये.

चकचकीत थराचा मोह मात्र टाळावा. वुजू करून ओल्या पायांनी निघालेले दादा-दादी गुळगुळीत अंगणावर घसरले आणि खुब्याचे हाड मोडले, तर सगळ्या घराचे वर्ष त्यात जाते. थर ओला असताना त्यावर बारीक, कोरडी रेती भुरभुरून घेतली की पकड मिळते. पाण्याचा उतार आधीच नीट करून घ्यावा.

आता व्यवहाराचे. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगापाशी थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. धान्य त्या माणसाने भिजवले नव्हते, पावसाने भिजवले होते. त्याचा दोष ते झाकण्याचा होता. आपल्या अंगणातली ओलही कंत्राटदाराने आणलेली नसते. पण ती माहीत असून वर रोलर फिरवणे हे ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरण्यासारखेच आहे. काम करणाऱ्या आमच्या तरुण बंधूंना म्हणूनच आग्रहाने सांगावेसे वाटते, "अजून ओल आहे, महिनाभर थांबा," असे सांगून एक काम हातचे गेले तरी चालेल. त्या प्रामाणिकपणाची चर्चा गावात होतेच आणि त्यातच बरकत असते.

घरमालकानेही आपली बाजू सांभाळावी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहे. किती चौरस फूट, कोणते कोटिंग, किती हात, घासाई आणि भेगा भरणे धरून की वेगळे, आणि वर्षभरात थर सुटला तर काय, एवढे एका कागदावर लिहा. डब्यांचा हिशेब सोपा आहे. अंगण 20 बाय 15 फूट, म्हणजे 300 चौरस फूट. समजा डब्यावर एका लिटरला 50 चौरस फूट असे लिहिले असेल, तर एका हाताला 6 लिटर आणि दोन हातांना 12 लिटर लागणार. रिकामे डबे मोजा. काम नीट झाले असेल तर मजुरीसाठी कुणाला खेपा घालायला लावू नका.

अंगणातला हा पैसा बहुधा कुणीतरी परदेशी उन्हात उभे राहून कमावलेला असतो. तो खर्च करण्याआधी प्लॅस्टिकच्या एका तुकड्याखाली एक रात्र वाट पाहायला काय हरकत आहे? या उन्हाळ्यात तपासणीत ओल निघाली तर चुना मारून भागवा आणि इन्शाअल्लाह, पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तपासा.