बारापैकी बारा, मग आमच्या अब्बांना का नाही?

कोकणातल्या एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. तिच्या अब्बांना मोठ्या आतड्याचा कर्करोग असून तो यकृतात पसरला आहे. मोबाइलवर तिने वाचले की अमेरिकेत बाराच्या बारा रुग्णांच्या गाठी नुसत्या इम्युनोथेरपीने नाहीशा झाल्या. अम्मी दागिने मोडायला निघाल्या आहेत, डॉक्टर मात्र "हे औषध यांना लागू पडणार नाही" म्हणतात. पैशासाठी टाळतात की काय, असा तिला संशय आहे.

बातमी खरी आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातली, २०२२ सालची. पण मोबाइलवर 'बारा' ठळक असतात, कोणते बारा ते नसते. ते रुग्ण गुदाशयाच्या कर्करोगाचे होते, रोग दूरच्या अवयवांत गेलेला नव्हता, आणि सगळ्यांच्या गाठीत एकच दोष होता. डीएनएची नक्कल होताना पडणाऱ्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा त्यांत बंद होती. अशा पेशींवर इतकी विचित्र प्रथिने उमटतात की शरीराच्या टी-पेशी त्यांना परके म्हणून ओळखतात. गाठ त्यांना ब्रेक लावते, औषध तो ब्रेक सोडवते.

जिथे दुरुस्ती शाबूत, तिथे ओळखीच्या खुणाच थोड्या. टी-पेशी गाठीत फारशा शिरतच नाहीत, मग ब्रेक सोडून काय उपयोग? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा आतड्याच्या कर्करोगाच्या १८ रुग्णांपैकी एकाचीही गाठ आटली नाही. दोष असलेल्या १० पैकी चौघांची आटली. पसरलेल्या रोगात हा दोष शंभरांत साधारण पाच जणांत सापडतो. त्यांतही काहींचा रोग औषध चालू असताना वाढतो, कारण काही पेशी खुणा दाखवणारे प्रथिनच गमावतात.

तेव्हा बहिणी, डॉक्टरांना एकच विचारा: एमएसआय किंवा एमएमआर तपासणी झाली का? बायोप्सीचा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा त्यासाठी बहुधा पुरतो, नव्याने तुकडा काढावा लागत नाही. अहवाल येईपर्यंत दागिने कपाटातच राहू द्या. दोष नसेल तर केमोथेरपी आणि तिच्या जोडीची औषधे हाच अब्बांचा खरा इलाज, तो लांबवू नका. दोष निघाला तर इम्युनोथेरपीचे जरूर विचारा, आणि तो आनुवंशिक आहे का हेही. तसे असेल तर तुमची आणि तुमच्या भावंडांचीही तपासणी करावी लागेल.