खिशात रिव्हॉल्व्हर, उसात डुक्कर

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन जेमतेम ५०० ग्रॅम, गोळ्या सहा, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. हलकं आहे, खिशात मावतं. जोखीम मात्र जड.

पाटण-शिराळ्याकडं रानडुकरं पीक लोळवतात म्हणून ते घ्यायचं मनात असेल, तर थांबा. एवढ्याशा गोळीनं डुक्कर पडेलच असं नाही. जखमी झालं की माणसावर उलटतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक आहे, रिव्हॉल्व्हर नव्हे. शिवाय वनखात्याच्या परवानगीवाचून डुक्कर मारता येत नाही.

तोच पैसा चौघांनी मिळून सौर कुंपणात घाला. नुकसान झालंच, तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या. तलाठी-ग्रामसेवकांनीही त्यात हयगय करू नये.